कार झाडावर चढली

मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबा आणि म्हणा, 'कार झाडावर चढली'. बऱ्याचदा पडद्यावर 'खार झाडावर चढली' उमटतं. निरोप पाठवताना ही सोयच आहे. पण छापलेलं 'खार' डिस्लेक्सिया (वाचायला शिकताना येणारी खास अडचण) असलेल्या एखाद्या मुलाने 'कार' वाचलं, तर हेच यंत्र त्याला शाबासकी देऊन पुढच्या ओळीवर नेतं. 'एआय महिन्याभरात वाचायला शिकवेल' अशी जाहिरात करणारं कुठलंही साधन घेण्याआधी ही परीक्षा घ्यावी: मुद्दाम चुकीचं वाचा आणि त्याला चूक कळते का ते पाहा.

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचाही नाही. 'या मुलांना अक्षरं उलटी दिसतात' हा समज तर फार जुना. पण लिहायला नुकती लागलेली बहुतेक मुलं अक्षरं कधी ना कधी उलटी काढतातच. खरी अडचण सहसा शब्दातले ध्वनी सुटे पकडण्यात आणि ते अक्षराशी झटकन जोडण्यात असते. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांचा उपयोग होतो याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्रितपणे सांगितलं. चष्मे अजून विकले जातातच.

देवनागरीत उच्चार आणि लेखन बरंच जुळतं, पण पाठांतराचा भार मोठा. ३४ व्यंजनांची बाराखडीच ४०८ रूपांची. 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. 'र' तर 'क्रम', 'अर्क', 'ट्रक', 'सुऱ्या' अशा चार वेषांत फिरतो.

आता खारीकडे परत येऊ. सोप्या भाषेत सांगायचं तर बोलणं ओळखणारी प्रणाली दोन अंदाजांचा गुणाकार करते: आवाज कुठल्या शब्दाशी जुळतो आणि त्या वाक्यात कुठला शब्द शोभतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. आवाजावरून 'कार' ०.७, 'खार' ०.३. पण 'झाडावर चढली'च्या आधी 'खार' येण्याची शक्यता ०.०९, 'कार'ची ०.००१. गुणाकार केला तर 'खार' ०.०२७ आणि 'कार' ०.०००७. कानाने 'कार' ऐकलं असूनही 'खार' जवळजवळ चाळीस पटींनी जिंकते. यंत्र बहिरं नाही, अतिशहाणं आहे.

वाचनाच्या सरावात समोरचा मजकूर आधीच माहीत असतो. म्हणून 'मूल काय म्हणालं?' हा प्रश्नच सोडून द्यायचा. आवाजाचे दर १० मिलिसेकंदांना एक असे तुकडे पाडायचे, ते अपेक्षित ध्वनींवर क्रमाने बसवायचे आणि प्रत्येक जागी विचारायचं: इथे 'ख' किती जुळतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'क' किती? दोन्हींच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवरून त्या ध्वनीला गुण मिळतात. वाक्याच्या अर्थाला इथे मत नाही.

'क' आणि 'ख'मधला फरक ढोबळमानाने एवढाच: जीभ सुटल्यावर स्वर सुरू होईपर्यंत 'ख'मध्ये हवेचा झोत पन्नास-साठ मिलिसेकंद जास्त टिकतो. म्हणजे जेमतेम पाच-सहा तुकडे. हा झोत आवाजाच्या दृष्टीने निव्वळ खरखर असतो. म्हणून पंखा जवळ असला की 'क'चा 'ख' ऐकू येऊ शकतो. उलट माइकची 'नॉइज सप्रेशन' सोय चालू असली, तर ती हाच झोत गोंगाट समजून पुसू शकते आणि 'ख'चा 'क' होतो. ती सोय बंद करा, पंखाही बंद करा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा. 'घ', 'झ', 'ध', 'भ' याहून अवघड, कारण त्यांत स्वरतंतूंचा कंप आणि श्वास एकमेकांत मिसळलेले असतात. त्यात लहान मुलांची स्वरनलिका आखूड, अनुनाद वरच्या पट्टीत. मोठ्यांच्या आवाजावर घडवलेली प्रणाली तिथे जास्त चुकते.

त्यामुळे चूक अगदी स्पष्ट असेल तेव्हाच यंत्राने टोकावं. एखादी चूक निसटली तर उद्या सापडेल, पण बरोबर वाचलेल्याला 'चूक' म्हटलं की मूल यंत्रावर नाही, स्वतःवर शंका घेतं. मूल अडखळल्यावर तीन-चार सेकंद थांबावं, मग पूर्ण शब्द न सांगता पहिलं अक्षर तेवढं ऐकवावं. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे.

मुलाला शिकवलेल्या अक्षरांपुरत्याच गोष्टी सरावासाठी लिहून घ्यायला भाषिक मॉडेल (मजकूर लिहिणारं एआय) उपयोगी पडतं, पण 'फक्त क, म, ल, र, काना आणि पहिली वेलांटी वापर' असं बजावलं तरी मध्येच जोडाक्षर घुसतं. ते अक्षरांनी नाही, शब्दांच्या तुकड्यांनी विचार करतं. शिकवलेल्या चिन्हांची यादी करून मजकुरातलं प्रत्येक युनिकोड चिन्ह (संगणक अक्षर, काना, वेलांटी ज्या सुट्या चिन्हांत साठवतो ते) तिच्याशी ताडून पाहणारा चार ओळींचा प्रोग्राम हे काम मॉडेलपेक्षा चोख करतो. यादीत हलन्त (जोडाक्षर जोडणारं पाय मोडण्याचं चिन्ह) ठेवला नाही की सगळी जोडाक्षरं आपोआप पकडली जातात.

आणि मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं तर घाई नको. पाण्याचं चित्र दाखवून नाव विचारा. तिथेही 'पानी' आलं, तर ती त्याची बोली आहे. साधनाच्या चुकांच्या नोंदीतून न-ण ही जोडी काढून टाका.