गांजाचे कायदेशीरकरण

गांजाची लागवड, विक्री, बाळगणे आणि सेवन यांवरची फौजदारी बंदी उठवून हे व्यवहार परवाना, कर, वयाची अट आणि तपासणी यांच्या चौकटीत आणणे, याला गांजाचे कायदेशीरकरण म्हणतात. ‘व्हावे की होऊ नये’ असा एकच प्रश्न विचारला जातो, पण त्यात तीन स्वतंत्र निर्णय गुंतलेले आहेत: सेवन करणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचे का, रुग्णाला औषध म्हणून द्यायचे का, आणि प्रौढांसाठी नफ्यावर चालणारी बाजारपेठ उभी करायची का. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘मोजक्या आजारांत हो’ असे उत्तर देण्याइतका अनुभव आता जमा झाला आहे. खरा अवघड निर्णय तिसरा. तिथे किती ग्रॅमची मुभा, कर कशावर आणि एका पाकिटात किती मिलिग्रॅम या बारीक कलमांवरच सगळे अवलंबून असते.

वनस्पती आणि तिचा अंमल

गांजा म्हणजे कॅनाबिसच्या मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा. त्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींतली राळ वेगळी काढली की चरस होतो. पानांची भांग होते. हिरव्या झाडात नशा आणणारे टीएचसी जवळजवळ नसतेच, असते ते टीएचसीए हे आम्ल. ते जाळले, किंवा साधारण 105 ते 120 अंश सेल्सिअसला काही वेळ तापवले, की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएच्या प्रमाणाला 0.877 ने गुणते, त्यात मोकळे टीएचसी मिळवते आणि ‘एकूण टीएचसी’चा आकडा देते. कायद्यात नुसत्या मोकळ्या टीएचसीची मर्यादा लिहिली, तर 20 टक्के टीएचसीए असलेला कडक फुलोराही कागदावर निरुपद्रवी हेम्प (धागा-बियांसाठी घेतले जाणारे, जवळजवळ नशा नसलेले पीक) ठरतो. अमेरिकेत 2018 च्या शेती कायद्याने कोरड्या वजनाच्या 0.3 टक्के ही मर्यादा घातली, तेव्हा नेमकी हीच फट राहिली आणि तिच्यातून मोठा व्यापार वाहिला.

धूर ओढला की अंमल काही मिनिटांत जाणवतो, अर्ध्या तासाच्या आत शिगेला पोहोचतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. गांजा पोटात गेला तर गणित बदलते. यकृतात टीएचसीचे 11-हायड्रॉक्सी-टीएचसी बनते आणि तेही मेंदूवर जोरदार काम करते. अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. चूक होते ती याच खिडकीत: तासाभरात काहीच वाटले नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो, मग दोन्ही मात्रा एकावर एक चढतात. धडधड, भेदरून जाणे, उलट्या, तोल जाणे अशी लक्षणे घेऊन तो रुग्णालयात पोहोचतो. लहान मुलाने गोळी समजून खाल्ले तर गुंगी इतकी खोल असू शकते की श्वासावर लक्ष ठेवावे लागते.

या एका धोक्याला दोन कायद्यांनी दिलेली उत्तरे पाहण्याजोगी आहेत. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात खाण्याच्या गांजाच्या एका वाट्यात (एका वेळच्या मात्रेत) 10 मिलिग्रॅम आणि एका पाकिटात 100 मिलिग्रॅम टीएचसी चालते, म्हणजे एका वडीत दहा वाटे. कॅनडात संपूर्ण पाकिटालाच 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेच्या अमली पदार्थ संशोधन संस्थेने 2021 मध्ये संशोधनासाठी ठरवलेले प्रमाण एकक 5 मिलिग्रॅमचे आहे. त्या मापाने कोलोरॅडोचे पाकीट 20 एककांचे भरते. नवख्या माणसाकडून वडीचे दहा सारखे तुकडे करून एकच खाण्याची अपेक्षा ठेवणे अवास्तव आहे. कॅनडाचा नियम इथे निर्विवाद सरस ठरतो.

बंदीची चौकट

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने 1893-94 मध्ये भारतभर साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि बंदीपेक्षा कर व परवान्याचे नियंत्रण बरे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढची दिशा मात्र उलटी गेली. संयुक्त राष्ट्रांच्या 1961 च्या करारात गांजा आणि चरस पहिल्या आणि सर्वांत कडक अशा चौथ्या, दोन्ही अनुसूचींत गेले. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या. चौथ्या अनुसूचीतून गांजा डिसेंबर 2020 मध्ये 27 विरुद्ध 25 मतांनी निघाला. पहिल्या अनुसूचीत तो अजून आहे. त्यामुळे प्रौढांना खुली विक्री करू देणारा देश या कराराशी विसंगत वागतो.

भारताचा 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा हीच व्याख्या पाळतो: गांजा, चरस गुन्ह्यात; भांग राज्यांच्या अखत्यारीत. गांजाची लहान मात्रा 1 किलोपर्यंत, व्यापारी मात्रा 20 किलोहून जास्त. लहान मात्रेला एक वर्षापर्यंत कारावास किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान 10 आणि कमाल 20 वर्षे. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. उपचार घेण्यास तयार असलेल्या व्यसनी व्यक्तीला कलम 64अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. धागा आणि बियांसाठी लागवडीला कलम 14 खाली सरकार परवानगी देऊ शकते.

शिक्षा काढणे आणि बाजार उघडणे

पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवस पुरेल इतका साठा (गांजाच्या बाबतीत 25 ग्रॅम) जवळ असणे गुन्ह्यातून काढले. पदार्थ जप्त होतो, माणूस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो आणि गरजेप्रमाणे उपचाराकडे पाठवला जातो; विक्री गुन्हाच राहते. बंदीचा सर्वांत कडवट भाग, म्हणजे खिशातल्या पुडीपायी आयुष्याला लागणारा डाग, एवढ्याने दूर होतो. अमेरिकेत या डागाचे वाटप किती अन्यायाचे होते ते अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या 2020 च्या अहवालात दिसते: सेवनाचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीयांना गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या 3.64 पट.

पण अर्धे दार उघडल्याचा त्रासही आहे. नेदरलँड्समध्ये 1976 पासूनच्या धोरणाने कॉफीशॉपला (गांजा विकणाऱ्या दुकानाला) गिऱ्हाइकामागे 5 ग्रॅम विकता येतात, मात्र दुकानाला माल पुरवणे बेकायदाच राहिले. पुढच्या दाराने कर भरणारा दुकानदार मागच्या दाराने टोळ्यांकडून खरेदी करत आला. हे मिटवण्यासाठी परवानाधारक उत्पादकांचा माल काही शहरांत विकण्याचा प्रयोग डिसेंबर 2023 मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग इथून सुरू झाला.

बाजाराचे नमुने

उरुग्वेने 2013 मध्ये कायदा करून पहिला पूर्ण नमुना उभा केला. नोंदणी केलेल्या प्रौढाला तीनपैकी एकच मार्ग निवडता येतो: घरी सहा झाडे, वर्षाला 480 ग्रॅमपर्यंत; 15 ते 45 सभासदांचा क्लब, कमाल 99 झाडे; किंवा औषध दुकानातून महिन्याला 40 ग्रॅम. जाहिरात नाही, परदेशी पर्यटकाला विक्री नाही. 2017 मध्ये दुकानातली विक्री सुरू होताच अनपेक्षित अडचण आली: अमेरिकी बँकांशी व्यवहार तुटतील या भीतीने स्थानिक बँकांनी औषध दुकानांची खाती बंद करण्याचा पवित्रा घेतला आणि काही दुकाने योजनेतून बाहेर पडली.

कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 पासून खासगी उत्पादन आणि प्रांतांच्या हाती विक्री असा रस्ता घेतला. सार्वजनिक जागी 30 ग्रॅम वाळला गांजा किंवा त्याच्या तोलाचे इतर पदार्थ बाळगता येतात. वयाची अट बहुतेक प्रांतांत 19, अल्बर्टात 18, क्युबेकमध्ये 21. पाकीट साधे आणि मुलांना सहज न उघडणारे. जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून दुकाने टाळून घरी तीन झाडे आणि कमाल 500 सभासदांचे ना-नफा क्लब एवढीच मुभा दिली. 18 ते 21 वयाच्या सभासदांना महिन्याला 30 ग्रॅम आणि 10 टक्क्यांहून जास्त टीएचसी नाही. बाजाराचा मोह टाळून बंदी उठवण्याचा हा विचारपूर्वक प्रयत्न आहे. क्लबांच्या परवान्यांची संथ प्रक्रिया ही त्याची दुबळी बाजू.

थायलंडने जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून आधी काढला आणि सर्वंकष कायदा मागाहून करू म्हटले. तो संसदेत अडकला, तोवर हजारो दुकाने उघडली. जून 2025 मध्ये फुलोऱ्याच्या विक्रीला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आली.

कर कशावर लावावा

वजनावर कर सोपा, पण तो कडक मालाला उत्तेजन देतो. ग्रॅमला 1 डॉलर कर असेल तर 10 टक्के टीएचसीच्या ग्रॅममध्ये 100 मिलिग्रॅम असतात, दर मिलिग्रॅमला 1 सेंट. 25 टक्क्यांच्या ग्रॅममध्ये 250, म्हणजे 0.4 सेंट. कॅनडाचा संयुक्त (केंद्र आणि प्रांताचा मिळून) अबकारी कर ग्रॅमला 1 डॉलर किंवा 10 टक्के, यांतला जो जास्त तो. ग्रॅमला 10 डॉलर भाव असताना दोन्ही सारखेच होते. घाऊक भाव 4 डॉलरवर उतरला की तोच 1 डॉलर 25 टक्के होतो. किमतीवर कर लावला तर भाव कोसळल्यावर महसूलही कोसळतो आणि स्वस्ताईला आळा राहत नाही. टीएचसीवर कर तत्त्वाने सर्वांत योग्य; अमेरिकेचे इलिनॉय राज्य 35 टक्क्यांपर्यंत टीएचसीच्या मालावर 10 टक्के आणि त्यावरच्यावर 25 टक्के घेते. पण मग आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेवर दबाव येतो. कॅलिफोर्नियात राज्याचा कर, स्थानिक कर आणि अनेक शहरांत दुकानांना बंदी हे सगळे एकाच वेळी लागू झाल्याने काळाबाजार जोरात राहिला. 2022 मध्ये तिथे लागवडीवरचा कर रद्द करावा लागला.

तपासणी

कायदेशीर मालाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तपासणीचाच. प्रत्येक खेपेचा नमुना कीटकनाशके, बुरशी, शिसे-कॅडमियमसारखे जड धातू आणि अर्कातले उरलेले द्रावक यांसाठी तपासला जातो. कॅनाबिस जमिनीतले धातू भराभर शोषते, त्यामुळे मातीची तपासणी आधी हवी. मायक्लोब्युटानिल हे द्राक्षांवर चालणारे बुरशीनाशक तापले की हायड्रोजन सायनाइड सोडते. खाण्याच्या पिकाचे नियम ओढण्याच्या पिकाला लावून भागत नाही. अपुरा वाळलेला फुलोरा बंद डब्यात बुरशी धरतो, म्हणून त्याची जलक्रियता (बुरशीला वापरता येईल अशा ओलाव्याचे माप) 0.55 ते 0.65 दरम्यान ठेवतात. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे (यंत्रातून अर्काची वाफ ओढल्यामुळे) 2,800 हून अधिक लोक फुप्फुसाच्या इजेने रुग्णालयात गेले किंवा दगावले. मुख्य संशय त्या यंत्रांत बसवायच्या अर्काच्या बेकायदा काडतुसांत घट्टपणासाठी मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला. तपासणीतही वाकडी वाट आहे. उत्पादकाला प्रयोगशाळा निवडू दिली, तर टीएचसीचा फुगवलेला आकडा देणारी प्रयोगशाळा त्याला आवडते. नमुना उत्पादकाने न उचलता तिसऱ्याने उचलावा आणि सरकारने दुकानातून गुपचूप फेरतपासणी करावी, एवढे किमान हवे.

आरोग्य आणि वाहन चालवणे

कायम दुखणे, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांत उपयोगाचा पुरावा चांगला आहे. ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या बालवयातल्या अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे (कॅनाबिसमधल्या नशा न आणणाऱ्या घटकाचे) औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाले. दुसऱ्या बाजूला, जुन्या आणि बहुउद्धृत अंदाजानुसार सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे 9 टक्क्यांना व्यसन जडते, किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहापैकी एकाला. रोज आणि कडक टीएचसी घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका स्पष्ट वाढतो. बाजारपेठेचा नफा नेमका याच रोज घेणाऱ्यांच्या खपावर उभा असतो, म्हणून जाहिरातबंदी आणि टीएचसीची कमाल मर्यादा ही कलमे सोडता येत नाहीत.

वाहनचालकाच्या रक्तातली मर्यादा दारूसारखी नेमकी ठरत नाही. टीएचसी चरबीत साठते. ओढल्यावर रक्तातले प्रमाण झपाट्याने उतरते पण अंमल टिकतो, उलट रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही अनेक दिवस सापडते. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनमध्ये संपूर्ण रक्तात 5 नॅनोग्रॅम, जर्मनीत रक्तद्रवात 3.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा मर्यादा आहेत. दोन्ही मापे वेगळ्या द्रवांची असल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये.

जुन्या नोंदी

कायदा बदलला तरी आधीच्या शिक्षेची नोंद आपोआप पुसली जात नाही आणि ती नोकरी, घरभाडे, व्हिसा अडवत राहते. कॅनडाने 2019 मध्ये साध्या बाळगण्याच्या गुन्ह्यासाठी मोफत माफी दिली, पण अर्ज करण्याची अट ठेवली. न्यायालयाची आणि पोलिसांची कागदपत्रे गोळा करण्याच्या खटाटोपात फार थोडे अर्ज आले. कॅलिफोर्नियाने 2018 च्या कायद्याने पात्र नोंदी शोधण्याचे काम राज्याच्याच न्याय विभागावर टाकले. नव्या कायद्यात ही तरतूद पहिल्याच मसुद्यात, अर्जाविना आणि शासनाच्या खर्चाने असावी लागते.