टॉप अमेरिकन की ऑल-अमेरिकन? कॉलेज क्रॉस कंट्रीचा अंदाज लावायच्या आधी हे बघा

नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या कॉलेज क्रॉस कंट्रीच्या फायनलचे, म्हणजे एनसीएए (तिथली कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन या वरच्या गटाच्या रेसचे अंदाज सुरू होतात आणि दरवेळी दोन गोष्टींची सरमिसळ होते. एकजण विचारतो यंदा टॉप अमेरिकन कोण, दुसरा ऑल-अमेरिकन कोण कोण होणार त्याची यादी देतो, आणि मग दोघं वाद घालत बसतात. दोन्हीचा हिशोब पूर्ण वेगळा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ऑल-अमेरिकन हा रीतसर मान आहे. फायनलला पहिल्या 40 मध्ये आलात की मिळाला, पासपोर्ट कुठला ते कोणी विचारत नाही, केनियाचा असो नाहीतर ऑस्ट्रेलियाचा, अमेरिकेतल्या कॉलेजकडून पळतोय ना, बास. टॉप अमेरिकन ही मात्र बघणाऱ्यांनी रिझल्ट हातात घेऊन काढायची गोष्ट, परदेशी नावं बाजूला ठेवायची आणि उरलेल्यांत पहिला कोण ते बघायचं.

फरक कळायला एडवर्ड चेसेरेक बघा. ओरेगन युनिव्हर्सिटीकडून पळणारा पोरगा, 2013, 2014, 2015 सलग तीन वर्षं जिंकला, 2016 ला तिसरा आला. हायस्कूलसुद्धा अमेरिकेतच, न्यू जर्सीत केलेलं. चारही वर्षं ऑल-अमेरिकन, टॉप अमेरिकन मात्र एकदाही नाही, कारण तेव्हा तो केनियाचा होता. 2022 ची फायनल स्टिलवॉटर गावात झाली, ती चार्ल्स हिक्स जिंकला, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचा, जन्म लंडनचा पण वाढला फ्लोरिडात, आणि त्या काळात पळायचा ब्रिटनकडून. म्हणून त्या वर्षीचा टॉप अमेरिकन धरतात तो दुसरा आलेला नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाचा निको यंग. अशा वेळी मुलगा कुठल्या शाळेत शिकला किंवा त्याचे उच्चार कसे आहेत यावरून ठरवू नका, तो कुठल्या देशाकडून पळतो ते बघा.

आता कोणी म्हणेल, जिंकणारा बघा की, टॉप अमेरिकन वेगळा कशाला काढायचा? तर 2008 ला गेलन रप जिंकला आणि त्यानंतर 2009 ते 2019 मुलांच्या रेसमध्ये एकही अमेरिकन जिंकला नाही. अकरा वर्षं! चेलांगा, लालांग, किथुका, चेसेरेक, टियरनन, नाइट, मॅकडोनाल्ड, कुरगाट, सगळे बाहेरचे. 2019 ला कुरगाटच्या मागे दुसरा आलेला जो क्लेकर टॉप अमेरिकन होता, आणि त्या पोराने किती जोरात रेस केली ते विजेत्याचं एकच नाव वाचणाऱ्याला कळतच नाही, मला खरंच वाईट वाटतं त्याचं. मग कॉनर मँट्झ आला, कोविडमुळे 2020 ची रेस मार्च 2021 मध्ये झाली ती त्याने घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॅलाहासी शहरातल्या फायनलला परत जिंकला. 2023 आणि 2024 ला हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स जिंकला, दोन्ही वेळा न्यू मेक्सिकोकडून पळणारा एरिट्रियाचा हबतोम सॅम्युएल दुसरा. या वर्षांत विजेता आणि टॉप अमेरिकन एकच माणूस होता. 2025 ला सॅम्युएल जिंकला आणि दोन प्रश्न परत वेगळे झाले. मुलींमध्येही तेच, 2023 ला पार्कर वॅल्बी जिंकली तेव्हा उत्तर एक होतं, पुढच्या वर्षी केनियाची डोरिस लेमन्गोले जिंकली की झाली दोन.

अंदाज लावायची पद्धतसुद्धा म्हणूनच बदलते. टॉप अमेरिकनसाठी फार तर पाच-सहा नावं खरी शर्यतीत असतात, मग त्यातला कोण पहिल्या ग्रुपबरोबर शेवटपर्यंत टिकेल एवढंच बघायचं. मी तरी ट्रॅकवरच्या 5000 मीटरच्या टायमिंगवर फार विसंबून राहत नाही. मुलांची फायनल 10 किलोमीटरची, गवतावर, चढउतारावर, आणि सीझनभर बहुतेक वेळा पोरं 8 किलोमीटर पळलेली असतात, त्यामुळे शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये भलेभले मागे पडतात. मुलींचं 6 किलोमीटर आहे. गेल्या वर्षी याच फायनलला पुढे आलेला आणि या सीझनमध्ये मोठ्या मीटला परत पुढे दिसलेला, अशाला मी आधी धरते. रीजनलच्या, म्हणजे फायनलआधी होणाऱ्या विभागीय रेसच्या, रिझल्टवरून तर काहीच ठरवू नका. नऊ रीजन, प्रत्येकातल्या पहिल्या दोन टीम थेट फायनलला, बाकीच्या 13 टीम सीझनच्या कामगिरीवर घेतात, त्यामुळे तगड्या टीम तिथे मुद्दाम सांभाळून पळतात आणि मोठं नाव विसाव्या नंबरला दिसलं म्हणून लोक उगाच घाबरतात.

ऑल-अमेरिकनचा अंदाज मला जास्त कठीण वाटतो. पुढे एकेका जागेत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलेलं असतं, पण पस्तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या नंबरला पोरं इतकी खेटून येतात की शेवटच्या वळणावर किंचित ढिलं पडलं तरी चाळीसच्या बाहेर. वर टीमचा हिशोब आहेच, सात पळतात आणि पाच जणांचे पॉइंट धरतात (आलेला नंबर हाच पॉइंट, बेरीज कमी ती टीम पुढे), 2022 ला नॉर्दर्न अ‍ॅरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट दोघांचे 83-83 झाले आणि नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला टायब्रेकवर जेतेपद मिळालं. एवढी चुरस असेल तर टीमचा चौथा-पाचवा पोरगा सुरुवातीला जोर लावत नाही, मागून एकेकाला गाठत येतो. जो एकटाच क्वालिफाय झालाय, ज्याची टीम आलेलीच नाही, तो मात्र पहिल्यापासून चाळीसच्या आत घुसायला बघतो आणि कधी कधी आठव्या किलोमीटरला संपतो. म्हणून चाळीसची यादी करताना मी तिसापर्यंत नावं लिहिते आणि उरलेल्या दहा जागांसाठी चांगल्या टीमचे तिसरे-चौथे धावपटू आधी बघते, तिथे देश बघायचा प्रश्नच येत नाही.