व्हिसा आला म्हणजे कामाला लागलो असं नसतं

आपल्याकडे "त्याचा दुबईचा व्हिसा आला" एवढं कानावर पडलं की लगेच पेढे, पण कुठला व्हिसा आलाय ते कोणी विचारतच नाही. व्हिसा म्हणजे देशात शिरायची परवानगी आणि वर्क परमिट म्हणजे तिथे पगार घेऊन काम करायची परवानगी, इतकं साधं आहे खरं तर, पण प्रत्येक देशाने या दोघांची मोट वेगळीच बांधलीय म्हणून घोळ होतो.

कॅनडात दोन्ही सरळ सुटे. पासपोर्टात चिकटवलेला स्टिकर हा व्हिसा, आणि परमिट इथे मुंबईत हातात येतच नाही, अर्ज मंजूर झाला की एक पत्र येतं, ते तिकडे एअरपोर्टवर उतरल्यावर ऑफिसरला दाखवायचं आणि मग तो परमिट छापून देतो. काउंटर सोडायच्या आधी तो कागद नीट वाचा, कारण त्यावर कंपनीचं नाव असेल तर फक्त त्याच कंपनीत काम, ओपन असेल तर जवळपास कुठेही.

ब्रिटनमध्ये वेगळं परमिट नाहीच, स्किल्ड वर्कर व्हिसातच कामाची परवानगी येते, फक्त कंपनीने आधी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप द्यावं लागतं, जो प्रत्यक्षात एक नंबर असतो. अमेरिकेचं अजून तिसरंच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प तिथे असताना संपला तरी आय-९४ वरची, म्हणजे तिथे शिरताना होणाऱ्या सरकारी नोंदीतली, राहायची शेवटची तारीख शिल्लक असेल तर राहता येतं, नोकरीही चालू राहते, पण भावाच्या लग्नाला दादरला आलात की परत जायला नवीन स्टॅम्प पाहिजे, मग बीकेसीच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बसा इथेच.

खरा धोका आखातात जाणाऱ्यांना. "आत्ता व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करून देऊ" हे एजंटचं ठरलेलं वाक्य, आणि पंचाईत अशी की ते पूर्ण खोटं पण नाही, दुबईत व्हिजिट व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाता येतं. पण ते होईपर्यंत केलेलं काम बेकायदाच, पगार बुडवला तर तक्रार करताना आधी तुम्हीच अडकाल. रीतसर मार्गात आधी कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाची मंजुरी घेते, मग नोकरीचा एंट्री परमिट येतो, तिकडे पोचल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) वगैरे. आणि परमिटचा खर्च तिथल्या कायद्याने कंपनीचा आहे, तुमचा नाही!

एजंटला व्हिजिट इतका का आवडतो? दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो आणि त्यात कंपनी, कॉन्ट्रॅक्ट, पगार सगळं दाखवावं लागतं. व्हिजिटला हे काहीच नाही. याच पोर्टलवर एजंट रजिस्टर्ड आहे का तेही दिसतं, रजिस्टर्ड असेल तर त्याला सर्व्हिस चार्ज ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकाच घेता येतो, दीड लाख मागत असेल तर सरळ उठा तिथून.

आता जोडीदाराचं, कारण याकडे घरात सगळ्यात शेवटी लक्ष जातं. सोबत जायचा व्हिसा मिळाला म्हणजे कामही करता येईल असं काही नाही. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर सरसकट काम करता येत नाही, ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्याच्या पुढे गेली असेल तर वेगळा अर्ज करून परवानगी मिळू शकते. सिंगापुरात डिपेंडंट पास असला तरी २०२१ पासून बहुतेकांना नोकरीसाठी स्वतःचा वेगळा पास लागतो. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) नवऱ्याला किंवा बायकोला मात्र काम करता येतं. त्यामुळे जोडीदाराने इथल्या बँकेत राजीनामा टाकायच्या आधी कंपनीच्या एचआरला हे मेलवर विचारून घ्या, फोनवर नको.