लाळनिर्मिती

लाळ हा तोंडात उघडणाऱ्या बहिःस्रावी (नलिकेतून स्राव बाहेर सोडणाऱ्या) ग्रंथींचा स्राव आहे. प्रौढ व्यक्तीत दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या अल्प भागात क्षार, पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर, बुळबुळीत म्यूसिन आणि जंतुरोधक प्रथिने येतात.

मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढील पॅरोटिड ग्रंथीची लाळ पातळ व अमायलेजयुक्त असते. तिची नलिका वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते. जबड्याखालील सबमँडिब्युलर ग्रंथीचा स्राव मिश्र, तर जिभेखालील सबलिंग्वल ग्रंथीचा मुख्यतः चिकट असतो. याशिवाय ओठ, गाल, टाळू व जीभ यांच्या अस्तरात ६०० ते १,००० सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. तोंड विश्रांतीत असताना सुमारे दोन तृतीयांश लाळ सबमँडिब्युलर ग्रंथी पुरवतात. चावणे सुरू झाले की पॅरोटिडचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो.

लाळ म्हणजे गाळलेले रक्तद्रव नव्हे. नलिकेतील दाब रक्तदाबापेक्षाही जास्त होऊ शकतो, हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८५१ च्या सुमारास दाखवले. नुसत्या गाळण्यातून असा दाब निर्माण होणे शक्य नाही. ग्रंथीतील पेशींचे गुच्छ प्रथम क्लोराइड आत ओढून गुच्छामधल्या पोकळीच्या बाजूला सोडतात. त्यामागोमाग सोडियम पेशींमधल्या फटींतून आणि पाणी मुख्यतः अॅक्वापोरिन-५ या जलमार्गातून येते. या प्राथमिक लाळेचा खारटपणा रक्तद्रवाइतकाच असतो. पुढे नलिकांच्या पेशी सोडियम व क्लोराइड परत घेतात, पोटॅशियम व बायकार्बोनेट सोडतात, पण पाणी मागे जाऊ देत नाहीत. म्हणून तोंडात येणारी लाळ रक्तापेक्षा बरीच कमी खारट असते आणि अन्नातील मीठ जिभेला जाणवते. स्राव वेगाने वाहू लागला की नलिकेला सोडियम परत घ्यायला पुरेसा वेळ मिळत नाही, त्यामुळे लाळेतील सोडियम वाढते. बायकार्बोनेटही वाढते, आणि दातांवरील आम्ल शमवायला त्याचाच मोठा उपयोग होतो.

लाळेचे नियंत्रण जवळजवळ पूर्णपणे मज्जातंतूंकडे आहे. चव, विशेषतः आंबट, आणि चावण्याची क्रिया यांचे संदेश मेंदूच्या देठातील लाळकेंद्रांत पोहोचतात. तिथून सातव्या मेंदू-मज्जातंतूच्या तंतूंमार्फत जिभेखालील व जबड्याखालील ग्रंथींना, तर नवव्यामार्फत पॅरोटिडला आज्ञा जाते. हे परानुकंपी (शरीर शांत असताना काम करणारे) तंतू; ते सोडत असलेल्या अॅसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाने लाळेचा पूर येतो. अनुकंपी (ताणाच्या वेळी काम करणारे) तंतू लाळ थांबवतात हा समज चुकीचा आहे. तेही स्रावाला चालनाच देतात, मात्र त्यांचा भर प्रथिनांवर असतो. भीतीने तोंड कोरडे पडते ते मेंदूकडून लाळकेंद्रे दबल्यामुळे.

दातांच्या दृष्टीने जेवणातल्या लाळेइतकाच विश्रांतीतला संथ प्रवाह महत्त्वाचा आहे, कारण दिवसाचा बहुतेक वेळ तोच चालू असतो. तो मोजण्यासाठी किमान तासभर काहीही खाल्ले-प्यायलेले नसताना, शांत बसून, ५ ते १५ मिनिटांची लाळ मापननळीत गोळा करतात. मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर हे सर्वसाधारण प्रमाण, ०.१ च्या खाली लाळन्यूनता धरतात. झोपेत हा प्रवाह जवळपास थांबतो, त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी खाल्लेले गोड दातांना जास्त बाधते.

बहुसंख्य लाळखडे (लाळेतील क्षार साचून बनलेले खडे) सबमँडिब्युलर ग्रंथीत होतात. तिची लाळ चिकट व कॅल्शियमयुक्त असते आणि लांब नलिकेतून तिला वर चढावे लागते. जेवायला बसताच जबड्याखाली सूज व कळ येणे, नंतर ती ओसरणे, ही खड्याची ठळक खूण आहे. कोरड्या तोंडामागे मात्र बहुधा औषधे असतात: अॅलर्जीवरील जुनी औषधे, काही नैराश्यरोधके, अॅसिटिलकोलीनरोधी गोळ्या. श्योग्रेन विकार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथींवर हल्ला करते) आणि डोके-मानेवरील किरणोपचार यांत ग्रंथीच नष्ट होत जाते. पायलोकार्पिन हे लाळ वाढवणारे औषध उरलेल्या गुच्छांनाच चेतवते. ते शिल्लक नसतील तर कृत्रिम लाळ, वारंवार पाण्याचे घोट आणि फ्लोराइड यांवरच भिस्त ठेवावी लागते.