चराऊ वाफा (परसातील कोंबड्यांसाठी)

परसातल्या कोंबड्यांना जागेवर हिरवा पाला टोचून खाता यावा म्हणून खास पेरून राखलेला वाफा. यात पेरणीइतकीच राखणही महत्त्वाची असते. कोंबडी चोचीने खाते त्याहून जास्त नासधूस पंजांनी करते. मोकळ्या सोडलेल्या पाच-सहा कोंबड्या कोवळी मेथी दोन दिवसांत मुळासकट उकरून काढतात आणि तिथे धूळस्नानाचे खड्डे पडतात.

जाळीची चौकट. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे वाफ्यावर चौकट ठेवणे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि सहा इंच उंच लाकडी चौकट करावी. मधोमध एक आडवी पट्टी द्यावी व वर अर्धा इंची वेल्डेड जाळी ताणून ठोकावी. पाला जाळीतून वर येतो, कोंबड्या तेवढाच खुडतात, मुळे व खालचे डोळे शाबूत राहून पुन्हा फुटवे येतात. षट्कोनी तारेची स्वस्त जाळी वजनाने खाली झोळते आणि पीक चेपते. दोन इंची भोकांत पाय अडकून मोडण्याची भीती असते. चौकट चार इंचांपेक्षा बुटकी असेल तर खाली पुरेशी पाने उरत नाहीत आणि झाड खंगते.

पिके. रब्बीत लसूणघास सर्वांत किफायतशीर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा चौरस मीटरला सुमारे २५ ग्रॅम बी, रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) चोळून, एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. पहिली चराई ५०–५५ दिवसांनी, पुढे दर २५–३० दिवसांनी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ हा वाण बहुवर्षायू आहे. लसूणघासाच्या बियांत अमरवेलीचे (पिकावर जगणाऱ्या परजीवी वेलीचे) बी मिसळलेले असू शकते, म्हणून प्रमाणित बियाणेच घ्यावे. पिवळे धागे दिसताच तेवढा भाग फुलोऱ्याआधी कापून जाळावा. पावसाळ्यात राजगिरा, माठ, चवळी उत्तम. कोकणातल्या पावसात पाणी साचून लसूणघासाची मुळे कुजतात, तिथे गादीवाफाच हवा. घाईच्या वेळी मेथी. ती तीन आठवड्यांत चरायला येते, पण फुटवा कमी.

बियाणे विकत घेताना रंग पाहावा. मका, ज्वारी, बाजरीच्या गुलाबी-लाल दाण्यांवर बहुधा थायरमसारखे बुरशीनाशक असते. पेरताना सांडलेले असे दाणे कोंबड्यांनी टिपले तर मऊ कवचाची अंडी पडतात आणि वाढत्या पिल्लांचे पाय वाकडे होतात. या धान्यांची पेरणी घरच्या स्वच्छ दाण्याचीच करावी.

टाळण्याच्या वनस्पती. पाण्याच्या ताणावर असलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडजन्य विष असते. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. एरंड, घाणेरी, धोत्रा, कण्हेर कुंपणालाही नकोत.

चराई. किमान तीन वाफे हवेत. एक चरताना दोन फुटत राहतात. पाला लुसलुशीत असताना चारावा. जून, धागेदार गवताचे लांब तुकडे गिळले की ते अन्नपिशवीत गुंतून पिशवी तुंबते. सकाळी उपाशीपोटीही गळ्याखाली टणक गोळा लागतो. पाला दळायला पेषणीत (खाद्य दळणाऱ्या पोटाच्या भागात) खडे लागतात, म्हणून कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांना भरड वाळू वेगळी ठेवावी.

वाफा कधीही मुख्य खाद्याची जागा घेत नाही. ताज्या पाल्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि कोंबडीला तंतू फारसे पचत नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीला रोजचे १००–१२० ग्रॅम खाद्य द्यावेच. चराईचा फायदा स्पष्ट दिसतो तो बलकात: पाल्यातल्या झॅन्थोफिल या पिवळ्या रंगद्रव्यामुळे आठ-दहा दिवसांत तो गर्द केशरी होतो. फक्त पाल्यावर ठेवलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मात्र उशिरा अंड्यावर येतात.

पावसाळ्यात ओल्या वाफ्यावर रक्ती हगवण पसरते. पाणी साचलेल्या किंवा विष्ठेने माखलेल्या वाफ्यावर पिल्ले सोडू नयेत. त्यांना पाला कापून खुराड्यात टांगावा.