योगपरिभाषा

योग आणि ध्यान यांच्या ग्रंथांत व शिकवणीत ठरावीक अर्थाने येणाऱ्या संस्कृत संज्ञांना मिळून योगपरिभाषा म्हणतात. तिचा पाया पतंजलींची योगसूत्रे आणि त्यांवरचे व्यासभाष्य हा आहे. आसने, बंध, मुद्रा, कुंभक, नाड्या ही शब्दसंपदा मुख्यतः नंतरच्या, मध्ययुगीन हठग्रंथांत वाढली. या परिभाषेतले बरेच शब्द मराठी वाचकाला घरचेच वाटतात. ध्यान, समाधी, संयम, वृत्ती, राग, उपेक्षा, अस्मिता हे शब्द आपण रोज बोलतो, आणि अडचण तिथेच होते. अनोळखी शब्द दिसला की माणूस कोश उघडतो. ओळखीचा दिसला की तसाच पुढे जातो आणि सूत्राचा अर्थ हातून निसटतो. म्हणून या नोंदीत व्युत्पत्तीपेक्षा मराठीतला चालू अर्थ आणि शास्त्रातला अर्थ यांतले अंतर सांगण्यावर अधिक भर आहे.

योग

पाणिनीय धातुपाठात ‘युज्’ हा धातू वेगवेगळ्या गणांत, म्हणजे धातूंच्या वर्गांत, येतो. ‘युजिर् योगे’ म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलांच्या मानेवरचे जू ज्या ‘युग’ शब्दापासून आले तो याच कुळातला. ‘युज समाधौ’ म्हणजे चित्त एकाग्र होणे. ‘योग म्हणजे जीवाला शिवाशी जोडणे’ हे वाक्य हल्ली जवळजवळ प्रत्येक योगवर्गात ऐकू येते. भक्तीच्या आणि वेदान्ताच्या परंपरेत ते बरोबरही आहे. पतंजलींच्या बाबतीत मात्र ते चालत नाही. पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य ‘योगः समाधिः’ असे सांगून दुसरा धातू पक्का करते. पतंजलींचे ध्येय पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (बुद्धीसह सारी जड सृष्टी) वेगवेगळे ओळखणे हे आहे. भोजराजाने तर योगसूत्रांवरच्या आपल्या वृत्तीच्या, म्हणजे टीकेच्या, मंगलाचरणात पुरुष-प्रकृतीच्या वियोगालाच योग म्हटले आहे, असे नेमकेपणाने नोंदवले.

मराठीत योग ‘येतो’, ‘जुळतो’, पंचांगात तो सत्तावीस प्रकारचा असतो. त्याला अलीकडे ‘योगा’ हे आणखी एक रूप मिळाले. रोमन लिपीतल्या शेवटच्या अक्षरामुळे झालेला हा उच्चार आहे. संस्कृतात शेवटचा ‘अ’ ऱ्हस्व पण स्पष्ट उच्चारतात, मराठीत तो गळतो. ‘योगा’ मात्र या दोन्हींत बसत नाही, आणि मराठी लिहिताना ‘योग’ हेच रूप ठेवावे.

वृत्ती

‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ हे दुसरे सूत्र बहुतेकांना पाठ असते. मराठीत वृत्ती म्हणजे स्वभाव: कोणी सात्त्विक वृत्तीचा, कोणी कंजूष वृत्तीचा. हा अर्थ धरला तर स्वभाव दाबून टाकणे म्हणजे योग असा भलताच निष्कर्ष निघतो. इथे वृत्ती म्हणजे चित्त क्षणोक्षणी घेत असलेला आकार. प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प, निद्रा आणि स्मृती अशा त्या पाच आहेत. खरे ज्ञानही वृत्तीच आहे आणि गाढ झोपसुद्धा वृत्तीच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पतंजली किती खोल जाऊन बोलत आहेत ते कळते.

‘विकल्प’ मराठीत पर्यायासाठी किंवा मनातल्या शंकेसाठी येतो. सूत्रात तो नुसत्या शब्दांतून उभ्या राहणाऱ्या, पण मागे वस्तू नसलेल्या कल्पनेसाठी आहे. परंपरेत याचे उदाहरण ‘राहूचे डोके’ असे देतात. राहू म्हणजे केवळ डोकेच; तरी षष्ठी विभक्ती लावली की राहू वेगळा आणि त्याचे डोके वेगळे असे काहीतरी मनात तयार होते.

क्लेश

क्लेश म्हणजे त्रास, हा मराठी अर्थ फारसा चुकीचा नाही. शास्त्रात मात्र त्रासाच्या मुळांना क्लेश म्हणतात, आणि ती पाच आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. यातल्या तीन शब्दांनी मराठीत पार वेगळी वाट धरली आहे.

‘राग’ हा ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे या धातूचा. सुख चाखल्यावर त्याच्यामागे चित्त रंगून जाते, पुन्हा तेच हवेसे वाटते, ती ओढ म्हणजे राग. अनुराग, रंग, गाण्यातला राग ही सगळी त्याची भावंडे. मराठीत राग म्हणजे संताप. त्यामुळे ‘रागद्वेष सोडावेत’ हे वाक्य वाचताना मराठी माणसाला दोनदा एकच गोष्ट सांगितल्यासारखे वाटते: चिडू नका आणि वैर धरू नका. मूळ जोडी आवड आणि नावड यांची आहे. आवडीच्या गोष्टीचा पाशही तितकाच बांधतो हा निम्मा उपदेश अशा वाचनात नाहीसाच होतो. मराठीत हे सूत्र शिकवताना ‘राग’ऐवजी ‘आसक्ती’ म्हणावे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

‘अस्मिता’ आज मराठीत अभिमानाचा शब्द आहे. मराठी अस्मिता, प्रादेशिक अस्मिता असे आपण म्हणतो. पतंजलींच्या यादीत ती क्लेश आहे. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’. पाहणारा आणि पाहण्याचे साधन असलेली बुद्धी हे जणू एकच आहेत असे वाटणे, ही अस्मिता. ‘अभिनिवेश’ मराठीत भाषणात दिसतो, वक्ता अभिनिवेशाने बोलतो. सूत्रात तो जगण्याला चिकटून राहण्याच्या उपजत ओढीसाठी, म्हणजेच मरणाच्या भयासाठी आहे, आणि तो विद्वानांतही तसाच मुरलेला असतो असे सूत्रच सांगते.

याच जातीचा पण क्लेशांच्या यादीबाहेरचा शब्द म्हणजे ‘उपेक्षा’. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे विभागात, चित्त प्रसन्न ठेवण्याचे चार भाव सांगितले आहेत: सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता, पापी माणसांविषयी उपेक्षा. ‘उप’ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे जवळून पाहणे, पण त्यात न गुंतता. मराठीतल्या उपेक्षेला अवहेलनेचा वास आहे, सूत्रातल्या उपेक्षेला नाही.

अष्टांगे

यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी ही आठ अंगे प्रसिद्धच आहेत. नियमांतले ‘शौच’ म्हणजे शरीराची आणि मनाची शुद्धी. मराठीत त्याचा अर्थ आक्रसून एका देहधर्मापुरता उरला. ‘स्वाध्याय’ म्हटले की पाठ्यपुस्तकात धड्याखाली येणारे प्रश्न आठवतात. व्यासभाष्यात तो मोक्षशास्त्राचे अध्ययन किंवा प्रणवाचा, म्हणजे ॐकाराचा, जप आहे.

ध्यान, समाधी, संयम

शेवटची तीन अंगे एकाच क्रियेच्या चढत्या पायऱ्या आहेत. चित्त एका जागी बांधणे ही धारणा. त्याच जागी प्रत्ययाची, म्हणजे जाणिवेची, एकतानता हे ध्यान. आणि फक्त विषयच उजळतो, पाहणाऱ्याला स्वतःचे भान उरले नाही असे जेव्हा होते, ती समाधी.

धारणा आणि ध्यान यांतला फरक सांगायला जुन्या आचार्यांनी तेलाच्या धारेची उपमा वापरली. रामानुजाचार्यांच्या श्रीभाष्यात ती येते. समईत पळीने तेल घालताना नीट पाहावे. पळीतून पाणी सोडले तर शेवटी ते थेंबाथेंबाने तुटते आणि टपटप आवाज होतो. तेल खाली येते ते दोऱ्यासारखे. धार बारीक होत जाते पण मध्ये तुटत नाही, आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. पुन्हा पुन्हा एका जागी आणून ठेवावे लागते ते चित्त धारणेतले. आणण्याची गरज न उरता वाहत राहते ते ध्यानातले.

मराठीत ‘ध्यान’ शब्दाने फार मोठा पल्ला गाठला. ‘ध्यानात ठेव’ म्हणताना ते लक्ष असते. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ या तुकोबांच्या ओळीत ते ज्याचे ध्यान करायचे ते रूप असते. आणि विचित्र अवतारातल्या माणसाला ‘काय ध्यान आहे!’ म्हणतो तेव्हाही तो रूपाचाच अर्थ उपरोधाने येतो. देशाबाहेरचा प्रवास याहून लांबचा आहे: पालीत ‘झान’, चिनीत ‘चान’ आणि जपानीत ‘झेन’. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे महाराष्ट्रात रुळलेला ‘विपश्यना’ हा शब्द मात्र वेगळ्या अर्थाचा. पालीतल्या ‘विपस्सना’चे ते संस्कृत रूप, विशेष प्रकारे, जसे आहे तसे पाहणे.

समाधी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आळंदी उभी राहते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली तिथे संजीवन समाधी घेतली, आणि समाधी हा शब्द अवस्थेवरून जागेवर आला. पुढे तो कोणाच्याही स्मारकासाठी चालू लागला.

‘संयम’ याचा मराठी अर्थ धीर, आवर. पतंजलींनी मात्र धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर झाली की त्याला संयम असे नाव दिले. तिसऱ्या पादात ‘सूर्यावर संयम केल्याने भुवनांचे ज्ञान होते’ अशी सूत्रे येतात, ती हा पारिभाषिक अर्थ माहीत असल्याशिवाय लागतच नाहीत.

हठयोगातील संज्ञा

‘हठ’ म्हणजे बळ, जोर. मराठीत तो हट्ट झाला. ‘ह’ म्हणजे सूर्य आणि ‘ठ’ म्हणजे चंद्र ही फोड परंपरेत मान्य आहे, पण ती सांकेतिक आहे, व्युत्पत्ती नव्हे.

आसन हे ‘आस्’ म्हणजे बसणे या धातूपासून. ‘स्थिरसुखमासनम्’ एवढेच सूत्र म्हणते, एकाही आसनाचे नाव घेत नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठग्रंथात पंधरा आसने आहेत. आसनांच्या नावांत दिशा येतात त्या शरीराच्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसले की पाठ पश्चिमेला येते, म्हणून पाठीचा भाग ताणणारे ते पश्चिमोत्तानासन. ‘उत्तान’ म्हणजे ताणलेले किंवा उताणे. मराठीत हा शब्द अश्लीलतेकडे झुकल्यामुळे विद्यार्थी या नावाशी थोडे अडखळतात.

श्वास घेणे पूरक, सोडणे रेचक, थांबवणे कुंभक. घड्यातले पाणी जसे निश्चल राहते तसा प्राण आत स्थिरावतो, असे भोजवृत्ती या शब्दाचे कारण देते. भस्त्रिका म्हणजे लोहाराचा भाता. त्याच ओढीने कपालभाती या नावालाही भात्याशी जोडतात, ती चूक. तिथला ‘भाति’ म्हणजे उजळणे, आणि कपाल म्हणजे कवटी. हठप्रदीपिका तिची गणना प्राणायामात न करता धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत करते. आसने आणि प्राणायाम यांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे स्वामी कुवलयानंद यांचे कैवल्यधाम १९२४ मध्ये लोणावळ्याला स्थापन झाले. संस्थेने जुने हठग्रंथ संपादित करून छापल्यामुळे असे अर्थ मूळ ग्रंथावर पडताळून पाहणे सोपे झाले.

या परिभाषेला मराठी वळण फार आधीच मिळाले होते. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात उड्डियान बंध (पोट आत ओढून धरणे) ‘वोढियाणा’ होतो, आणि कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली मानलेली शक्ती, कुंकवात न्हालेल्या, वेटोळे घालून निजलेल्या नागाच्या पिलासारखी दिसते. त्याच अध्यायात टाचेने शिवणीचा (गुद आणि जननेंद्रिय यांमधला) भाग दाबून बसण्याच्या मूळबंधाला ‘वज्रासन’ हे दुसरे नाव दिले आहे. हठप्रदीपिकाही सिद्धासनालाच काही जण वज्रासन म्हणतात असे नोंदवते. आज गुडघे दुमडून टाचांवर बसण्याला आपण वज्रासन म्हणतो. म्हणून जुन्या ग्रंथात हे नाव आले तर आधी पायांची ठेवण वाचावी आणि मगच आसन ठरवावे.