माणूस धरून सिस्टीम बनवायचा विषय आला कुठून

ह्या विषयाला मराठीत धड नाव नाही ही पहिली अडचण. मानवकेंद्रित माहिती प्रणाली म्हटलं की जीआर वाचल्यासारखं वाटतं, आणि आपल्याकडच्या कॉलेजात त्यातला थोडा भाग शेवटच्या वर्षाला इलेक्टिव्ह म्हणून येतो तेव्हा पोरं त्याला नुसतं एचसीआय (ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन) म्हणतात, स्कोरिंग आहे म्हणून घेतात आणि दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, सर हे कॉम्प्युटरचं आहे का समाजशास्त्राचं? प्रश्न चुकीचा नाही हो. स्क्रीन, बटन, मेन्यू हा झाला एक तुकडा. अख्खा विषय म्हणजे ऑफिसात, कारखान्यात, बँकेत, तहसिलात माहिती फिरते कशी, ती लिहितं कोण, वाचतं कोण, आणि नवीन मशीन आणून बसवली की ह्या माणसांचं काय होतं. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात कॉम्प्युटरपासून झालीच नाही, कोळशाच्या खाणीपासून झाली.

ब्रिटनमधल्या खाणी १९४७ ला सरकारच्या ताब्यात गेल्या. यंत्रं होती, पैसा घालायची तयारी होती, तरी माल पाहिजे तेवढा निघेना, माणसं कामावर येईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचा एरिक ट्रिस्ट आणि त्याच्यासोबत केन बॅमफोर्थ ह्यांनी ह्यात लक्ष घातलं. बॅमफोर्थ स्वतः अठरा वर्षं खाणीत राबलेला माणूस, त्यामुळं त्याला खाली काय चालतं ते कुणी सांगायची गरज नव्हती. जुन्या पद्धतीत दोघं-तिघं मिळून आपला तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचे, जोडीदार आपण निवडलेला, कमीजास्त झालं तर सांभाळून घेणारा. लाँगवॉल म्हणून जी यंत्राची पद्धत आली तिच्यात काम तीन शिफ्टमध्ये फोडलं, एकानं कापायचं, दुसऱ्यानं कन्व्हेयर सरकवायचा, तिसऱ्यानं भरायचं, चाळीसेक माणसं आणि एकमेकांचं तोंड बघायची सोय नाही. आधीच्या शिफ्टनं अर्धवट ठेवलं की ते पुढच्याच्या डोक्यावर.

हे वर्गात सांगताना मी ऊसतोडीला जाणारा बीडचा कोयता सांगतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडणं, मोळी बांधणं, गाडी भरणं सगळं त्या टोळीचं टोळीत. उद्या कुणी शहाण्यानं ठरवलं की तोडणारे वेगळे, बांधणारे वेगळे, भरणारे वेगळे आणि तिघांची गाठ पडायची नाही, तर मुकादमाची काय दशा होईल ते पोरांना लगेच कळतं, अर्ध्या पोरांच्या घरचे कोयत्यावर गेलेले असतात. ट्रिस्ट-बॅमफोर्थचा लेख १९५१ चा. त्यातून पुढं सोशिओ-टेक्निकल हा शब्द रूढ झाला, म्हणजे मशीन आणि माणसांची घडी ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढून डिझाइन करता येत नाहीत. आता हे साधं वाटतं, पण सरकारी टेंडरमध्ये आजही मशीनचाच रकाना असतो, घडीचा नसतो.

युनिव्हर्सिटीत ह्याला जागा मिळाली ती साठच्या दशकात. स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफॉर्श १९६५ ला ह्या विषयाचा प्रोफेसर झाला, त्याचं म्हणणं की डेटा म्हणजे माहिती नव्हे, वाचणाऱ्याला आधीपासून जे ठाऊक असतं त्याच्यात डेटा मिसळला तर माहिती होते. अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत १९६८ ला पीएचडी सुरू झाली, पण ती मॅनेजमेंटच्या अंगानं, साहेबाला रिपोर्ट वेळेवर कसा मिळेल ह्या चिंतेची. आपले एमबीए-एमसीएचे एमआयएसचे (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम) पेपर त्याच वळणाचे.

इंग्लंडात एनिड ममफर्ड नावाची बाई होती, तिचं मला कौतुक वाटतं. गोदी कामगारांचा अभ्यास करायचा होता तर ती लिव्हरपूलच्या गोदीतल्या कँटीनमध्ये कामाला राहिली, जेवण वाढता वाढता बोलायची. नंतर खाणीचा अभ्यास आला तर कित्येक महिने खाली जाऊन बसली. प्रश्नावली छापून पोरांकडून भरून घेणं आणि हे, ह्यात किती फरक आहे ते रिसर्च मेथडॉलॉजी शिकवणाऱ्यांनी एकदा बघावं. पुढं मँचेस्टर बिझनेस स्कूलमध्ये तिनं एथिक्स नावाची पद्धत बसवली, सिस्टीम जो वापरणार त्यानंच डिझाइनला बसायचं. क्लार्क, सेक्रेटरी बायका, सगळे. आपल्या कामाचा आराखडा सेक्रेटरी बायकांनी स्वतः तयार केला असं तिनं कंपनीत करून दाखवलं.

पण खरी मजा नॉर्वेत आहे. आपली पोरं सी प्लस प्लसमध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट घोकतात ना, त्याचं मूळ सिम्युला ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, ती ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर ह्या दोघांनी साठच्या दशकात केली, त्यासाठी दोघांना कॉम्प्युटरमधला मोठा, २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तोच न्यूगोर सत्तरच्या सुरुवातीला लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत बसला होता. हे पुस्तकात कुणी लिहीत नाही, वर्गात सांगितलं की पोरं चकित होतात. कारखान्यात कॉम्प्युटर येणार, मालकाला त्यातलं कळतं, कामगाराला कळत नाही, मग वाटाघाटीला बसायचं कसं? तर आधी कामगारांनी तो विषय शिकायचा. आणि त्यांनी एक भन्नाट गोष्ट ठरवली: आपण लिहिलेला रिपोर्ट हा प्रोजेक्टचा रिझल्ट धरायचा नाही, युनियननं त्यावरून जे काही प्रत्यक्ष केलं तोच रिझल्ट. असं आपल्या पीएचडीला लावलं तर किती थिसीस पास होतील, जाऊ द्या. १९७७ ला नॉर्वेच्या कामगार कायद्यात नवीन सिस्टीम येताना कामगारांना माहिती मिळण्याचा आणि सामील होण्याचा हक्क आला.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे १९८१ ते ८५ चा यूटोपिया प्रोजेक्ट, स्वीडन आणि डेन्मार्कमधला, छापखान्यातल्या कामगारांचा. पेपरची पानं लावायचं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं आणि तसा कॉम्प्युटर अजून बाजारात धड नव्हता. मग त्यांनी पुठ्ठ्याची खोकी घेतली, एकावर लिहिलं लेझर प्रिंटर, कागद चिकटवून स्क्रीन केली आणि कामगारांना म्हटलं, समजा हे आलंय, आता तुम्ही पान लावून दाखवा. पुठ्ठ्यावर काम करून बघितल्यावर कामगारानं सांगितलं इथं अडतंय. आज यूएक्सवाले (यूजर एक्स्पीरियन्स) पेपर प्रोटोटाइप म्हणून जे शिकवतात त्याच्यात त्या खोक्यांचा वाटा आहे. फक्त युनियन मधल्या मध्ये गळाली आणि पुठ्ठा तेवढा राहिला.

अमेरिकेत वाट जरा वेगळी, तिथं मानसशास्त्रवाले आले, १९८२ ला गेथर्सबर्गला कॉन्फरन्स झाली, एसीएम ह्या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेचा सिगकाय ग्रुप तयार झाला, १९९२ ला त्यांनी एचसीआय शिकवायचं कसं ह्याचा अभ्यासक्रम छापला. आपल्याकडच्या सिलॅबसवर त्या घराण्याची छाप आहे, म्हणून एकटा माणूस, एक स्क्रीन, हात-डोळे-मेंदू असा हिशोब. त्यातच ल्युसी सचमन ही मानववंशशास्त्राची बाई झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या रिसर्च सेंटरमध्ये होती. तिनं कॅमेरा लावून दाखवलं की कंपनीच्याच लॅबमधले मोठमोठे शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी कॉपी काढताना कॉपियरपुढं हतबल होतात. तिचं १९८७ चं म्हणणं एवढंच, की माणूस प्लॅन करून तो पाळत नाही, समोर जे येईल तसं सावरत जातो, आणि मशीन मात्र धरून बसते की प्लॅन पाळला जातोय.

आपल्या देशात हे आलं डिझाइनच्या दारातून आणि भाषेच्या. आयआयटी मुंबईत आयडीसी, म्हणजे डिझाइन शिकवणारी शाखा, १९६९ ची. भारतीय भाषांचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ ला आला, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर) देवनागरी १९९१ ला, आणि तरी नंतर कित्येक वर्षं एका ऑफिसची फाईल दुसऱ्या ऑफिसात उघडली की किडेमुंग्या दिसायच्या, कारण फॉन्ट वेगळा. ज्यानं तो त्रास काढलाय त्याला माहिती प्रणाली म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मोबाईल आल्यावर आयडीसीनं स्वरचक्र कीबोर्ड काढला, अक्षर दाबलं की त्याची बाराखडी गोल उमटते, शाळेत शिकलो तशी.

आणि वारणा. ते पश्चिम महाराष्ट्रातलं, आपलं मराठवाड्यातलं नाही, पण महत्त्वाचं. १९९८ ला ऊसवाल्या गावांत कॉम्प्युटर बसवले, शेतकऱ्याला इंटरनेट, बाजारभाव सगळं मिळणार म्हणून. काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं बघायला गेली तर ते कॉम्प्युटर मुख्यतः ऊसाच्या नोंदी, वजन, हिशोब ह्यालाच लागत होते. मग त्यांनी काही गावांत कॉम्प्युटर काढून मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं, २००७ चा पेपर आहे. त्याच गटानं २०१० ला आणखी एक गोष्ट मांडली जी मला आपल्या भागासाठी सगळ्यात कामाची वाटते: वापरणारा एकटा नसतोच. मध्ये कुणीतरी असतो, त्याच्या हातून वापर होतो.

आता मराठवाडा. आपल्याकडं कागदच आधी परक्या भाषेतला. निजामाच्या काळात सरकारी काम उर्दूत, जुन्या नोंदी मोडीत, म्हणजे शेत आपलं आणि त्याचा कागद वाचायला दुसरा माणूस. १९४८ ला मुक्ती, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, दर वेळी दफ्तराची भाषा नाहीतर नमुना बदललेला. खासरा पाहणी (जमीन आणि पिकाची जुनी नोंद) म्हटलं की आमच्या आजोबांच्या पिढीला कळायचं, सातबारा नंतर आला. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला मोडी आणि उर्दू वाचणारे हुडकावे लागले ते आपण बघितलंच. आणि २०२१ च्या ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून पिकाची नोंद) ती जुनी पाहणी नावापुरती परत आली, फक्त आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा. स्वतः म्हणजे कोण, तर अकरावीतला पुतण्या.

युनिव्हर्सिट्या झाल्या, संभाजीनगरची १९५८ ची, परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, नांदेडची १९९४ ची. संभाजीनगरच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटनं २०१० च्या आसपास मराठी बोलण्याची ओळख ह्यावर बरंच काम केलं, सुटे शब्द रेकॉर्ड करून मशीनला शिकवायचं. चांगलं काम. पण एकूणच आपल्या भागात रिसर्च म्हणजे अल्गोरिदम आणि अ‍ॅक्युरसी किती टक्के, असंच धरलं जातं. फडात किंवा काउंटरपाशी जाऊन बसणं ह्याला रिसर्च म्हणायची सवय नाही. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जाला गावोगाव रांगा लागल्या, म्हाताऱ्यांचे अंगठे उमटंनात, एवढं मोठं मटेरियल दारात उभं होतं आणि आम्ही आत ट्रेनिंग डेटासेट डाउनलोड करत होतो. मी पण.

नंतर एका बॅचला मी जबरदस्तीनं पाठवलं. चार पोरं तालुक्याच्या एका सेतू केंद्रात पंधरा दिवस बसली, ममफर्डबाईसारखं वाढायला काही नव्हतं म्हणून झेरॉक्स काढून देत बसली. त्यांना तिथं एक वही सापडली. दोनशे पानी, लाल कव्हरची, त्यात केंद्रवाल्यानं गावागावातल्या लोकांचे युजरनेम, पासवर्ड, कोणता मोबाईल कोणाच्या पोराकडं आहे, ओटीपी आला तर फोन कुणाला लावायचा, कुणाचं नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं, हे सगळं लिहून ठेवलेलं. एक आजी तिथं बसलेली, पोरांनी विचारलं तुमचा पासवर्ड दुसऱ्याकडं कसा काय, तर म्हणे, "मंग माझ्याकडं ठिवून काय करू बाबा, मला वाचता येतंय का?" सिक्युरिटीच्या पेपरात ह्याला शून्य मार्क. पण गाव त्या वहीवर चाललेलं. पोरांनी वहीचे रकाने उतरवून घेतले (नावं, नंबर सोडून), कोणता रकाना सरकारी पोर्टलवर नाही ते शोधलं आणि पुठ्ठ्यावर स्क्रीन काढून केंद्रवाल्याकडून तीनदा दुरुस्त करून घेतली.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट चाळला, पुठ्ठा उलटा करून बघितला आणि विचारलं, कोडिंग कुठंय?

पोरांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी पन्नासपैकी एकतीस मिळाले.